दोरीवरचा निळा झेंडा

लेक जॉर्जिया देशात डॉक्टरकी शिकते, तिच्याकडे महिनाभर राहिले होते. घरमालकीण मार्गोआजी देशानं युरोपीय संघात जावं म्हणून निघणाऱ्या मोर्चाहून आल्या की संघाचा निळा झेंडा हातानं धुवायच्या आणि गॅलरीतल्या दोरीवर टॉवेलांशेजारी वाळत घालायच्या. मला कौतुक वाटायचं. बाईंचं किती पक्कं ठरलंय!

एका सकाळी लोकांची मतं विचारत फिरणारी मुलगी दारात आली. आपल्या देशानं संघात जावं का?  आजी जे बोलल्या ते लेकीनं मला मराठीत सांगितलं. "लढाईनंतर परक्या सैन्यानं आमच्या गावाच्या मधून काटेरी तार ओढली. धाकटी बहीण पलीकडे, त्यांच्या ताब्यातल्या भागात राहिली. आज ती नुसती तार आहे. आम्ही संघात गेलो की त्या तारेची कायमची सरहद्द होईल."

आसऱ्यासाठी मोठं घर शोधणारं माणूस उंबऱ्याबाहेर कोण राहणार हेही बघत असतं. मोर्चात ते ओरडून सांगता येत नाही, इतकंच.

मुलीच्या कागदावर या उत्तराला जागा नव्हती. "मग काय लिहू, आजी?"

आजींनी झेंडा उतरवला, पोटाशी धरून त्याची घडी घातली.

"हो लिही," त्या म्हणाल्या. "पण माझं नाव नको लिहूस. तिकडे बहिणीला कळायला नको."