ईदनंतर शिवायचा सदरा

गेलेल्या माणसाबद्दल लिहिलंय म्हणजे तो मनमिळाऊ, हसतमुख, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा असणार, असं धरून तुम्ही चहा घेऊन बसला असाल. चहा खाली ठेवा. आमचे इब्राहिमचाचा खडूस होते. वर्षातून दोनदा हसायचे, दोन्ही ईदला, तेही दाढेत सुपारी अडकल्यासारखं. आणि सौदी म्हटल्यावर तुम्हाला उंट नि खजूर दिसायला लागले असतील, तर तेही नाहीत. जेद्द्याच्या वर, समुद्राकाठी एक छोटं गाव, त्यात आमचं टेलरिंगचं दुकान, दोन मशिनी, एक इस्त्री, आणि गिऱ्हाईक बरंचसं स्पॅनिश बोलणारं. सहा आठवड्यांपूर्वी दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी एका जुन्या गिऱ्हाइकाच्या पँटवर इस्त्री फिरवत होतो. फोनवरचा माणूस म्हणाला, "खलास." मी म्हटलं, काय खलास, सलाईन?... पँट जळली.

गावाजवळ प्लांटचं काम निघालं आणि स्पेनची, कोलंबियाची माणसं राहायला आली. बाजारातले बाकीचे दुकानदार त्यांच्याशी मोठ्याने इंग्लिश बोलायचे, जणू ओरडलं की समजतं. चाचांना तर इंग्लिशही येत नव्हतं. चाचा हर्णैचे. त्यांच्या मापाच्या वहीत नाव खाली आणि गाव वर. दापोली, मंडणगड, पेशावर, कासरगोड... गिऱ्हाईक आलं की टेप गळ्यातून काढायच्या आधी पहिला प्रश्न, गाव कुठलं? पहिला स्पॅनिश माणूस आला, पन्नाशीचा फोरमन रामोन, त्यालाही चाचांनी बोटाने जमीन दाखवून, मग हात लांब उडवून, तेच विचारलं. तो आधी "एस्पान्या" म्हणाला. चाचांनी मान हलवली. देश नको, गाव. मग त्याने वही ओढून स्वतःच्या हाताने गावाचं नाव लिहिलं आणि नकाशा काढला. नदी, चर्च, स्वतःचं घर. त्या पानाच्या डोक्यावर मी देवनागरीत लिहिलं, बियार.

त्याच दिवशी पँटला टाचण्या लावून तो आरशासमोर उभा असताना अजान झाली. आमचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा आणि दुकान तो अरब, जुन्या वळणाचा, नमाजाला शटर खाली म्हणजे खाली. चाचा बाहेरून शटर ओढून गेले, आत मी आणि टाचण्यांनी भरलेला स्पॅनिश. बसला तर टोचणार. वीस मिनिटं तो पुतळ्यासारखा उभा, मी पंख्यासारखी मान फिरवत. चाचा परत आले, माफी वगैरे काही नाही, स्वतःच्या हाताने चहाचा ग्लास त्याच्या तोंडाला लावला. दुसऱ्या दिवसापासून दुकानात तीन खुर्च्या आणि थर्मास आला. नमाजाला किती वेळ बंद, हे रामोनकडूनच त्याच्या भाषेत पुठ्ठ्यावर लिहून घेतलं आणि बाहेर टांगलं. मशीनच्या मागे माझ्या अक्षरात दुसरा पुठ्ठा: कोर्तो म्हणजे आखूड, लार्गो म्हणजे लांब, मान्याना म्हणजे उद्या. चाचा तो वाचून गिऱ्हाइकाला सांगायचे, हर्णैच्या मासळीबाजारात भाव सांगावा तशा आवाजात. पण माणसं यायची. काही तर काही शिवायचं नसताना, फक्त शटरमागे चहा प्यायला.

मला हे सगळं गंमत वाटायची. चाचांचं त्यावर घोडं अडलेलं होतं. हर्णैला चाचींना भेटून त्यांना तीन वर्षं झाली होती, आणि आता कायमचंच जायचं होतं. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कफीलकडे, देश सोडायचा एक्झिटही त्याच्याच हातात. नियम बदललेत, मोबाईलवर होतं म्हणतात. आमच्या मोबाईलवर फक्त त्याचा 'बुकरा' यायचा, म्हणजे उद्या. माणूस वाईट नव्हता, चाचांना सोडायला घाबरायचा. शेवटी एकदा म्हणाला, हा पोरगा तुझ्याशिवाय ही गिऱ्हाइकं सांभाळतो हे मला ईदपर्यंत दिसलं, तर ईदनंतर एक्झिट. त्याच जुम्म्याला चाचा जेद्द्याला जाऊन बलदच्या जुन्या बाजारातून पांढरं कापड घेऊन आले. स्वतःचा सदरा कापला, शिवला मात्र नाही. "एक्झिट लागला की शिवीन," म्हणाले आणि फळीवर ठेवला.

आता माझं सांगतो. गुहागरच्या शाळेत गॅदरिंगला हेडमास्तरांची नक्कल करून मी छड्या खाल्ल्यात. मला माणूस दिसला की त्याची चाल अंगात शिरते. चाचा मला माकडाच म्हणायचे. एका दुपारी चाचा असरच्या नमाजाला गेलेले, शटर खाली, आत रामोन आणि त्याचे तीन वेल्डर. तिघं कंटाळलेले. रामोन पडद्यामागे सदरा बदलत होता. मी सुरू झालो. त्याचं खोकणं, त्याचं दर वाक्याला "ओम्ब्रे", आणि मग त्याची चाल, डावा खांदा चार बोटं खाली टाकून. वेल्डर हसले. मग हसायचे थांबले. आरशात रामोन उभा होता.

तो ओरडला नाही. निघून जायचं तर शटर खाली. तोंड शटरकडे करून तो उरलेली दहा-बारा मिनिटं उभा राहिला. आम्ही चौघं त्याच्या पाठीकडे बघत. मी पुठ्ठ्यावर 'माफ करा' शोधत होतो... आखूड, लांब, उद्या. बाकी काही लिहिलंच नव्हतं.

चाचांनी शटर वर केलं, रामोन त्यांच्या अंगावरून निघून गेला. झालं ते मी सांगितलं. मला वाटलं कानाखाली बसेल. चाचा खुर्चीत बसले आणि एवढंच म्हणाले, "त्याचा खांदा मी चार सदऱ्यांत लपवला होता रे. प्लांटच्या कॅम्पात कोणाला ठाऊक नव्हता." डाव्या खांद्यात आतून कापडाची घडी. शिंप्याला माणसाचं अंग ठाऊक असतं ते झाकण्यासाठी... हे मला त्यांच्या हाताखालच्या दीड वर्षात कळलं नव्हतं.

मग कॅम्पातलं कोणी येईना. मी दोनदा कॅम्पच्या गेटपर्यंत गेलो, आत सोडलं नाही. ईद झाली, कफील आला, तीन रिकाम्या खुर्च्या बघून गेला. बुकरा. चाचा रोज संध्याकाळी फोनवर चाचींना सांगायचे, "ईदनंतर, इन्शाल्ला." मग पुढच्या ईदनंतर. मला एक शब्द बोलले नाहीत. थर्मास मात्र रोज भरून ठेवायचे. छातीत कळ आली त्या दिवशीही भरलेला होता.

माती इथेच झाली. चौथ्या दिवशी रामोन आला, चाचांनी शिवलेला सदरा घालून, खांदे अगदी सरळ. वहीतलं बियारचं पान काढून त्यावर हात ठेवून उभा राहिला. मी "पेर्दोन" म्हटलं, तोवर माफीचा शब्द पाठ केला होता. त्याने ऐकलं. चहा घेतला नाही.

आता अडकलेला इकामा माझा, कफील तोच. गेल्या शुक्रवारी चाचींचा फोन आला. मी खांद्याचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तो कापलेला सदरा घेऊन ये. शिवू नको, तसाच आण. कधी येतोस?"

आणि माझ्या तोंडातून, देवाशपथ मी काढला नाही, आपोआप आला, चाचांचा आवाज. तसाच घोगरा, तसाच 'न' वर टेकणारा. "ईदनंतर, इन्शाल्ला."

पलीकडे काही पडल्याचा आवाज झाला. मग त्या सुरू झाल्या. "मेल्या, तोंड जळो तुझं! त्यांचा आवाज काढतोस? बावीस वर्षं हेच ऐकत बसलेय मी, आता तुझ्याकडून ऐकू? गुहागरला वाट बघणारी तुझी आई काय दगडाची आहे? खबरदार पुन्हा ईद म्हणालास तर! तारीख सांग. तुझ्या आवाजात सांग. ऐकतोस ना रे माकडा? तारीख!"