मनकर्णाबाईचा एकच पेला

साखरा गावची मनकर्णाबाई प्रार्थनेला बसली की दारातली कुत्री उठून दुसऱ्या गल्लीत जायची. आवाजच तसा. कोणी टोकलं तर म्हणायची, "प्रभू बहिरा न्हाई, मला ठावं हाये. पण वरी समदे एकदम बोलून राहिले असतीन. त्यात आपलं ऐकू गेलं पायजे की."

तिचा विश्वास पोटातून सुरू झाला होता, म्हणजे पोटदुखीतून. हिंगोलीच्या पास्टरनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, हिंगोलीच्याच डॉक्टरनी गोळ्या दिल्या, आणि जे दुखणं वर्षभर जात नव्हतं ते गेलं. कोणाच्या गुणानं, असं विचारलं की ती वाटणी करून द्यायची. "गोळ्या डॉक्टरनं देल्ल्या, गुण प्रभूनं देल्ला, अन् एसटीचं तिकीट मी काढलं. तिघाईचं काम हाये ते." त्यामुळे तिच्याकडे प्रार्थनेला येणाऱ्याला ती आधी गोळी घेतली का ते विचारायची आणि मग डोक्यावर हात ठेवायची. हळदीच्या दिवसांत ती हळद शिजवायच्या कामाला जायची, हात कोपरापर्यंत पिवळे. ज्याच्यासाठी प्रार्थना केली तो कपाळावर पाच बोटं घेऊन घरी जायचा. चोरून येणाऱ्यांची मोठी पंचाईत व्हायची.

तिच्या पत्र्याच्या खोलीत दर रविवारी मंडळी जमायची, आणि महिन्यातून एकदा पास्टर विश्वंभर मोटरसायकलवर यायचे, प्रभुभोजन द्यायला. मनकर्णाबाई मनुका भिजवून, उकळून, गाळून रस करायची. भाकर एक, पेला एक. शास्त्रातच तसं आहे, त्यामुळे पेला एक असण्याला कोणाची ना नव्हती. फक्त पिताना प्रत्येक जण मान मागे टाकायचा, पेला हातभर वर धरायचा आणि धार बरोबर घशात सोडायचा. ओठ लागायचा नाही. घरोघरी तांब्या असाच प्यायला जातो, तर प्रभूचा पेला तरी वेगळा कशाला?

अडचण होती शेळ्या राखणाऱ्या खेमाची. खेमाला तरुणपणी महारोग झाला होता. सरकारी गोळ्यांचा पूर्ण कोर्स घेऊन तो कधीचाच बरा झालेला, तसं डॉक्टरनी सगळ्यांसमोर सांगितलंही होतं. पण बोटं आत वळली ती वळलीच. वळलेल्या बोटांनी धार धरता येत नाही. तो दोन्ही तळव्यांत पेला दाबून ओठाला लावायचा. म्हणून त्याची पाळी शेवटी, जागा उंबऱ्याजवळ. आणि तो प्यायला की मंडळीतली शालूबाई पेला उचलून मोरीवर न्यायची आणि राखेनं असा घासायची की खरखर आवाज आत 'आमेन'च्याही वर यायचा.

त्या रविवारी सकाळी खेमानं शेळ्या सोडता सोडता सांगून टाकलं, "माय, आजपासून मी येत न्हाई."

"काहून?"

"शालूवैनी पेला घासून राहिली की मले वाटते, मलेच घासून राहिली."

"आरं, तिचा हातच तसा जड हाये. नवऱ्याची कॉलर बी तशीच घासते."

"मंग आज मी पयला पेतो. चालन का?" ती नाही म्हणेल आणि विषय मिटेल म्हणून खेमानं टाकलेला खडा होता तो.

"चालन," मनकर्णाबाई म्हणाली आणि वळली. वाटेत ती हिशेब करू लागली. शालूबाईचा नवरा हरिचंद म्हणजे मंडळीतला वडीलधारा. तो उठून गेला तर त्याच्यामागे अर्धी खोली उठणार. आणि खेमा गेला तर मग उरलेल्या खोलीनं येशूचं नाव कोणत्या तोंडानं घ्यायचं?

हरिचंदची वेगळीच गत होती. त्याला गुरुवारपासून उचकी लागली होती. साखर खाऊन झाली, नाक दाबून पाणी पिऊन झालं, डॉक्टरची गोळी झाली. कोणी तरी आठवण काढत असेल, असं शेजारीण म्हणाली, तर शालूबाई म्हणाली, "यांची आठवण काढणारं हाये कोण? मी तर घरीच हाये." मनकर्णाबाईनं शुक्रवारी डोक्यावर हात ठेवला, गल्ली रिकामी होईल इतक्या मोठ्यानं मागितलं. हरिचंद पिवळं कपाळ घेऊन उचक्या देत घरी गेला.

तरी रविवारी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तो पहिल्या रांगेत हजर. "प्रिय बंधू, हिक्, आणि भगिनींनो," करत त्यानं वाचनही केलं. पास्टर विश्वंभर शेवटचा शब्द ताणत बोलायचे. "येशूनं कुष्ठरोग्याला बरं केलंऽऽ. कसं केलंऽऽ? लांबून न्हाई. हात लावून केलंऽऽ."

"आमेन, हिक्," हरिचंद म्हणाला.

पेला फिरायची वेळ आली. मनकर्णाबाईनं उंबऱ्याजवळ बसलेल्या खेमाला दंडाला धरून उठवलं, पहिल्या रांगेत हरिचंदच्या उजव्या हाताला बसवलं आणि पास्टरना म्हणाली, "इकडून सुरू करा." खेमा प्यायला, ओठ लावून. पेला हरिचंदच्या हातात आला.

हरिचंदनं मान मागे टाकली, पेला वर नेला, चिमणीच्या पिलासारखा आ केला. हिक्. पेला खाली. पुन्हा वर. हिक्. पुन्हा खाली.

"सांडसान न," शालूबाई मागून म्हणाली. "नवा शर्ट हाये."

"हे सांडायचं नसतंऽऽ, भाऊ," पास्टर म्हणाले.

वरून प्यावं तर प्रभूचा रस शर्टावर. ओठ लावावा तर खेमाच्या ओठावर. हरिचंदला घाम फुटला, उचकी दुप्पट झाली. मनकर्णाबाईनं आयुष्यात पहिल्यांदा आवाज न काढता प्रार्थना केली.

तेव्हा खेमा खाली बघतच पुटपुटला, "काका, पुसून घ्या," आणि खांद्यावरच्या उपरण्याचं टोक पुढं केलं. टोक धुतलेलं होतं. प्रभुभोजनासाठी म्हणून तेवढं धुतलेलं.

हरिचंदनं टोकाकडे बघितलं. खेमाकडे बघितलं. मग डोळे मिटून, न पुसताच, पेला ओठाला लावला आणि घटाघटा प्यायला.

सगळे थांबले. हरिचंदही थांबला. उचकी आली नाही.

"गेली का जी?" शालूबाईनं विचारलं.

"हालेलुयाऽऽ," पास्टर म्हणाले.

"भ्यावानं गेली असन," हरिचंद हळूच म्हणाला.

"मंग ते भ्याव धाडलं कोणी?" मनकर्णाबाईनं विचारलं. पुढच्या बाईनं तेवढ्यात पेला घेतला आणि वर न नेता ओठाला लावला. तिचा गुडघा दुखत होता.

पुढल्या महिन्यात खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मानदुखीवाले, दमेकरी, आणि हॉटेलवाला बालाजी, जो खेमाचा ग्लास आजवर वळचणीला वेगळा ठेवायचा. सगळ्यांना खेमाच्या शेजारी बसायचं होतं.

"माय, मले आपली शेवटची जागाच दे," खेमा कुरकुरला. "मांडीवर बसून राहिले लोकं."

"गुण प्रभूचा हाये, खेमाच्या ओठाचा न्हाई," मनकर्णाबाई गरजली, पण कोणी मागे सरकलं नाही.

पेला फिरून झाला. शालूबाई सवयीनं उठली, मोरीवर गेली, राखेत हात घातला.

"राख नको लावू," हरिचंदनं आतून सांगितलं. "नुस्तं पाणी टाक. गुण धुऊन जाईन."

हे शास्त्राला धरून नव्हतं. मनकर्णाबाईनं सांगायला तोंड उघडलं. मोरीवर फक्त पाण्याचा आवाज येत होता, आणि खेमा बालाजीला ढोपरानं सरकवत स्वतःसाठी जागा करत होता. तिनं तोंड मिटलं. पास्टर आहेत की, ते समजावतील पुढल्या महिन्यात.