फ्रेमवर्क खुलं करण्याआधी

चौदा वर्षं मी धाराशिवात बसून दूध संकलन केंद्रं, पतसंस्था, शाळा यांना प्रोग्राम लिहून देतोय. सगळे प्रोग्राम एकाच फ्रेमवर्कवर, म्हणजे एकाच तयार पायावर उभे आहेत, आणि तो पाया फक्त माझ्याकडे. मी अंथरूण धरलं तर सव्वीस ठिकाणचं काम अडेल. म्हणून गेल्या वर्षी तो सगळ्यांसाठी फुकट खुला करायचं ठरवलं.

"दार उघडं टाकायचं तर आधी घर झाडून घ्या," बायको म्हणाली.

अडतीस हजार ओळी होत्या. रोज पाचशे वाचायच्या ठरवल्या. एकोणिसाव्या दिवशी तारखांच्या भागात माझीच जुनी टीप दिसली : "ही चूक भागीदाराची. त्याला सांगून उपयोग नाही."

फ्रेमवर्क आम्ही दोघांनी मिळून सुरू केलं होतं. आठ वर्षांपूर्वी एका केंद्राच्या अहवालातून एकोणतीस फेब्रुवारीचं सगळं दूध गायब झालं. केंद्रावर जमलेल्या चाळीसेक दूधवाल्यांसमोर मी भागीदाराला बोललो. चार महिन्यांनी तो लोहाऱ्याला शेतीकडे निघून गेला. पुन्हा बोलणं नाही.

कुठली ओळ कुणी लिहिली, कुणी काढली, याची नोंद संगणकात राहते. टीप पुसण्याआधी ती नोंद उघडली. एकोणतीस तारीख ओळखणारी तपासणी त्यानं लिहिली होती. प्रोग्राम जलद चालावा म्हणून काढली होती मी.

जुन्या नोंदी वगळल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. पण निम्म्या ओळी त्याच्या, त्याच्या सहीशिवाय काही खुलं करता येत नव्हतं. संमतीपत्र आणि नोंदीचा कागद घेऊन एसटीनं लोहाऱ्याला गेलो. तो तुरीच्या रानात होता. उभ्यानंच नोंदीचा कागद वाचला.

"आठ वर्षं लागली व्हय रं?"

"शोधलंच नव्हतं. खात्री होती."

"मला त्याच दिवशी दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू चाळीस माणसांत वरडत होतास. तवा काय कागद दाखवू, लेका?"

बांधावर बसून त्यानं संमतीपत्रावर सही केली. मग म्हणाला, "टीप पुसू नको. खाली खरं काय ते लिही. पोरगी कम्प्युटरच्या कॉलेजात हाय. तिला वाटतंय, बापाला जमलं न्हाय म्हणून परत आला."

घरी येऊन टिपेखाली लिहिलं : "वरील टीप खोटी आहे. चूक माझी होती." फ्रेमवर्क इंटरनेटवर खुलं केलं आणि तिथला पत्ता मीच भागीदाराच्या मुलीला पाठवला. दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर आलं.

"वाचलं, काका. पण दूध घालणारे हे कुठं वाचणार?"

सोमवारी सकाळी दूध घ्यायच्या वेळेला, भागीदाराला बोललो होतो त्याच केंद्रावर गेलो. सतरा जण होते, त्यातले नऊ जुने. सगळ्यांना थांबवून चूक माझी होती हे सांगितलं.

"आमी तर कवाच इसरलो," एक म्हातारा म्हणाला.

"तुम्ही विसरलात. तो नाही," मी म्हणालो, आणि मागून आलेल्या तिघांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.