सेटिंगच्या फाइलीतली सातवी ओळ

दुरुस्तीवालीचं आणि तिच्या दिराचं कधी पटलंच नाही. नवऱ्याने गळ घातली म्हणून तिने त्याला आपल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात घेतलं, एवढंच.

त्या दुपारी एक शिक्षिका तणतणत आली. "माझ्या मेलवरून पालकांना काय घाणेरडं गेलंय बघा! लॅपटॉप देताना पासवर्ड तुमच्याकडेच दिला होता मी."

गिऱ्हाइकांचे पासवर्ड दुकानातल्याच मशीनवर साठवलेले. दुरुस्तीवालीने आधी त्याची नेटची वायर उपटली, मग एकेक फोल्डर उघडत गेली. एका कोपऱ्यात फुकटात उतरवलेला गेम सापडला. विकत न घेताही तो चालावा म्हणून शेजारी गेम सुरू करून देणारा एक नकली लाँचर होता, खऱ्याचं सोंग घेऊन गेमला फसवणारा. त्याची सेटिंगची फाइल तिने नोटपॅडमध्ये उघडली. वर भाषा, खेळाडूचं नाव वगैरे. सातव्या ओळीत मात्र लिहिलं होतं, गेम सुरू होताना आणखी एक फाइल चालव. ती फाइल तपासली, तर पासवर्ड चोरणारी निघाली.

"भाऊजी, ही सेटिंग कुठून आणलीत?"

"एका ग्रुपवर तयार मिळाली. साध्या मजकुरात कसला आलाय व्हायरस? उगीच नाकाने कांदे सोलू नका, वहिनी."

"मजकूर साधाच आहे. तो कुणाला घरात घेतोय ते वाचलंत?"

"अँटिव्हायरस बोंबलत होता, म्हणून बंद केला. सगळेच करतात."

"गिऱ्हाइकांचे पासवर्ड असलेल्या मशीनवर?"

"दुकान काय तुमच्या एकटीचं आहे?"

"माझ्या एकटीचंच आहे. किल्ली ठेव आणि चालता हो."

लग्नानंतरच्या नऊ वर्षांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलली होती. किल्ली त्याने काउंटरवर अशी आपटली की काचेला तडा गेला.

मशीन पुसून कोरं करायला दोन दिवस लागले. दरम्यान तिने यादीतल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला स्वतः फोन केला, पासवर्ड बदलायला सांगितलं आणि शिव्याशाप ऐकून घेतले. शिक्षिका लॅपटॉप घेऊन गेली ती कायमचीच. नवऱ्याने भावाची बाजू घेतली. "एका गेमपायी त्याला घालवलंस," म्हणाला.

मशीन पुसण्याआधी कागदावर छापून ठेवलेली ती ओळ तिने त्याला दाखवली. तो वाचायलाही वाकला नाही. तेव्हा तिने त्याच्याकडचीही दुकानाची किल्ली मागून घेतली.