वजनमास्तर आणि नव्वद किलोची होडी

वजनमास्तर नव्या होडीला आधी हात लावत नसत, तिचा वास घेत. होडीच्या टोकाला हवेची बंद पेटी असते. तिचं झाकण उघडून, चष्मा कपाळावर चढवून ते नाक आत घालायचे आणि मालकाकडे न बघताच म्हणायचे, "आत पाणी हाय." मालक शपथेवर सांगायचा, की झाकण वर्षभर उघडलेलं नाही. "मग वर्षाचं हाय," म्हणून मास्तर काट्याकडे वळायचे.

मुळा धरणाच्या फुगवट्यावर आमचा शिडाच्या होड्यांचा छोटा क्लब आहे. मी त्याची सेक्रेटरी. एरवी शाळेच्या प्रयोगशाळेत काचसामान मोजते, सुटीत क्लबचे दोर, शिडं आणि लाइफ जॅकेटं मोजते. मास्तर राहुरीचे, आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. शर्यतीआधी होड्यांची मापं घेण्याचं काम त्यांच्याकडे होतं. आमच्याकडची होडी दोघांनी चालवायची असते आणि तिचं रिकामं वजन नव्वद किलोच्या खाली चालत नाही. हलकी होडी जरा झुळूक आली की पुढे निघते, म्हणून हा नियम. आणि नियम आहे म्हटल्यावर कुणीतरी तो पोखरत असणारच, यावर मास्तरांची श्रद्धा होती. रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा माणूस, पण बाकाचे सांधे हलवून बघून मग बसणारा.

पाण्यातल्या कामाचा म्हणून विकलेला प्लायवूड त्यांनी दुकानदाराच्या शब्दावर कधी घेतला नाही. तळहाताएवढा तुकडा मागून आणायचा आणि घरी कुकरमध्ये उकळायचा. थर सुटले नाहीत तरच माल घ्यायचा. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे बाई म्हणायचो. एकदा मी गेले तेव्हा शिट्ट्या चालल्या होत्या.

"डाळ लावलीत का, बाई?"

"कसली डाळ! फळी शिजतीय. मुरली की वाढते तुला."

आतल्या खोलीतून मास्तरांचा आवाज आला, "शिक्का मारला म्हणून पाणी लाकडाला सोडतं व्हय?"

मुंबईच्या एका हौशी गृहस्थांची फायबरची होडी काट्यावर नेमकी नव्वद भरली. ते खूश झाले. मास्तर मात्र जास्तच बिथरले. "येवढी बरोबर कशी?" त्यांनी शेडच्या तुळईला दोर बांधून होडी टांगली, एक टोक हलकेच ढकललं आणि घड्याळ लावून झोके मोजायला सुरुवात केली.

"अहो, पाळण्यात काय घालताय तिला?"

"बारशाला बोलावलं न्हाई तुमी. आता बाळ तरी बघू द्या."

टोकं हलकी असली की झोके लवकर होतात, आणि ही होडी भराभरा झुलत होती. दोन्ही टोकांचं फायबर पातळ केलेलं आणि आलेली तूट भरून काढायला मधल्या तळाखाली शिसं दडवलेलं. वजन पूर्ण, पण सगळं पोटात. अशी होडी लाटेवर नाक आपटत नाही, सरळ पळते. तळ उघडल्यावर शिसं निघालं. गृहस्थ म्हणाले, हे बनवणाऱ्यानं परस्पर केलं असेल. "असंल की," मास्तर म्हणाले, "त्यालाच शर्यत जिंकायची असंल."

अशा माणसाकडून मी माझ्या मुलीसाठी, केतकीसाठी, लाकडी होडी बांधून घेतली. केतकी आणि तिची मैत्रीण रूथ यांचं वयोगटातलं ते शेवटचं वर्ष होतं. राज्याच्या संघात दोनच जोड्या घेणार होते आणि निवड मे महिन्यात आमच्याच धरणावर व्हायची होती. मास्तरांनी होडी ऑगस्टमध्ये पुरी केली, आपल्या शेडमध्ये तोलली आणि मला फोन केला. नव्वद किलो चारशे ग्रॅम. वजन कमी पडलं तर दिसेल असं शिसं लावणं नियमात बसतं, पण एक तुकडाही लावावा लागला नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी आकडा माझ्या वहीत उतरवून घेतला.

मे महिन्यात शर्यतीच्या आदल्या दिवशी सकाळी तोलणं सुरू झालं. पुण्याच्या संघाचे प्रशिक्षक काट्याजवळ उभे होते. "होडीही सरांची, काटाही सरांचा," ते हसत म्हणाले. मास्तर हसले नाहीत. कांदा मार्केटातून आणलेली शिक्क्याची लोखंडी वजनं त्यांनी आधी काट्याला लावून दाखवली. काटा चोख होता. मग आमची होडी चढवली.

अठ्ठ्याऐंशी किलो सहाशे.

मास्तरांनी वजनं पुन्हा लावली, होडी पुन्हा चढवली. तेच.

"ताई, काय काढलं हिच्यातनं?"

"काहीही नाही." मी वही पुढे केली. होडीवरच्या प्रत्येक स्क्रूची, कडीची, कप्पीची त्यात नोंद होती. त्यांनी एकेक नग बोटानं टिपून मोजला. सगळं जागेवर. मग ते केतकीकडे वळले. "तळ घासला का गं? खरं सांग."

"नाही सर. देवाशप्पथ."

"देवाला मधी घेऊ नको. हात दाखव." त्यांनी खरोखरच तिचे तळवे बघितले. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझा तोल सुटला.

"सर, ऑगस्टमध्ये शेडमध्ये तुम्ही एकटेच होतात. नव्वद भरलं हे आम्ही फक्त तुमच्या तोंडून ऐकलंय."

पुण्याच्या प्रशिक्षकांनी मान खाली घातली. मास्तर स्कूटरवर बसून घरी गेले. तासाभरानं परतले ते प्लायवूडचा एक मोठा तुकडा घेऊन. आमच्याच होडीतून उरलेला. उरलेल्या तुकड्यावर त्याचं त्या दिवशीचं वजन पेन्सिलीनं लिहून ठेवायची त्यांची रीत होती, हे मला तेव्हा कळलं. ऑगस्टमध्ये दोन किलो एकशे चाळीस. त्यांनी तो प्रशिक्षकांच्या हातात दिला. "तुमीच तोला."

दोन किलो तीस भरला.

"वाळलं," मास्तर म्हणाले. "पावसाळ्यात तोलली, उन्हाळ्यात परत तोलली. मधल्या उन्हानं लाकडातलं पाणी वढून घेतलं. ह्याला व्हार्निश न्हाई म्हणून हा जास्त वाळला, होडी कमी वाळली. नगरच्या उन्हाचा हिशेब मी धरलाच न्हाई. चूक माझी." त्यांनी दीड किलो शिसं सगळ्यांना दिसेल असं मधल्या फळीला बसवलं आणि शेवटचं वजन स्वतः केलं नाही. ते प्रशिक्षकांनी केलं, सहीही त्यांचीच.

केतकी आणि रूथ दुसऱ्या आल्या. होडी किनाऱ्याला लागताच प्रशिक्षकांनी ती पुसून पुन्हा तोलायला मागितली. मी चिडले. मास्तर मात्र स्वतः फडकं घेऊन पुढे झाले. "मागनारच. मागायलाच पायजे." वजन बरोबर भरलं. मुली निवडल्या गेल्या.

त्यानंतर मास्तर कुठलीही होडी एकट्यानं तोलेनात. मला बोलवायचे, मी येईपर्यंत थांबायचे. टोमणा असेल असं मला बरेच महिने वाटत राहिलं. मी काही बोलले नाही, तेही नाही.

डिसेंबरात मास्तर आणि बाई मुलीकडे नाशिकला राहायला निघाले. सामानाची यादी करायला मी गेले होते. टेम्पोत हत्यारांची पेटी चढल्यावर मी एकदाचं म्हटलं, "सर, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले. माफ करा."

"माफी कशाला?" पेटीला दोर गुंडाळत ते म्हणाले. "त्या दिवशी तिथं नीट विचार करनाऱ्या तुमी एकट्याच हुता. फक्त उशीर केला. ऑगस्टातच विचारायला पायजे हुतं."

मी दोराचं दुसरं टोक धरलं.

"तवा तुमची होडी पहिल्यांदा एकोणनव्वद नऊशे भरली हुती," ते म्हणाले. "दार उघडं हुतं, वारा असंल म्हणलं. दार लावून परत तोलली. नव्वद चारशे. दुसरा आकडा लिवला."

"आणि तिसऱ्यांदा?"

"तिसऱ्यांदा तोललीच न्हाई. शिसं लावायला लागू नये असं लई वाटत हुतं मला." त्यांनी दोराला शेवटची गाठ मारली आणि बाजूला झाले. "ही गाठ बघा जरा. माझ्या शब्दावर जाऊ नका."

मी वाकून बघितली. ढिली होती.