कासमभाईंचा जपानचा व्हिसा

कासमभाई रोज सकाळी मुद्दाम पडायचे. दौंडला आमच्या शेजारच्या अंगणात ते भुसा भरलेली पोती अंथरत आणि त्यांवर धाडकन अंग टाकत. उठत, पुन्हा पडत. "आदी पडाय शिकायचं, बाई. पाडाय काय, कुनीबी पाडतंय," म्हणत. मी शाळामास्तरीण, म्हणून त्यांची 'बाई'.

ते मूळचे शिरूरचे. रेल्वेत फिटर, तालमीत वाढलेले. मुंबईत एका जपानी खलाशाने ज्युदोचे चार डाव दाखवले, तेव्हापासून त्यांना कुस्ती अपुरी वाटू लागली. गल्लीतल्या पाच-सहा मुलींनाही ते शिकवत. त्यांत माझी थोरली होती. आईबाप कुरकुरले की म्हणत, "पोरींनी काय फकस्त वरडायचं व्हय?"

साठ सालानंतर जपानच्या एका ज्युदो शाळेने त्यांना दोन वर्षांसाठी घेतलं. इंग्रजी पत्रं मीच लिहून दिली होती. विद्यार्थी म्हणून व्हिसा मिळायला आधी पासपोर्ट हवा, आणि पासपोर्टला पोलिसांची चौकशी.

"शेजारी म्हून तुमचं नाव घातलंय, बाई."

"घाला की. त्यात विचारायचं काय?"

हवालदार आला तेव्हा मी दळण निवडत होते. "कासम कसा मानूस हाय? घरी कोन येतंजातं? परदेशी पत्रं कोन लिवून देतंय?"

पत्रांवरचं अक्षर माझं होतं. नवरा सरकारी नोकरीत. पोलिसाला द्यायचं उत्तर आमच्या गल्लीत ठरलेलंच असे. तेच मी दिलं. "आम्हाला काही माहीत नाही."

"शेजारी असून?"

"फारसा संबंध नाही," म्हटलं आणि दार लावून घेतलं.

त्यांचं नाव दुसरं असतं तर मी हेच बोलले असते का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. उत्तर चांगलं येत नाही.

पासपोर्ट नामंजूर झाला. शाळेची मुदत टळली. कासमभाई मलाच सांगायला आले. "शेजाऱ्यानं वळख दिली न्हाई म्हनं. हवालदार चुकून पलीकडच्या घरी गेला आसंल. तुमी काय आसं म्हननार हाय का?"

मी चहा ठेवला. एवढंच केलं.

पुढे नोकरी सोडून ते शिरूरला गेले. काही वर्षांनी वारल्याचं कळलं, तशी मी एसटीने गेले. त्यांच्या बायकोने माझे दोन्ही हात धरले. "बाईंना इचारलं आस्तं तर जपानला गेलो आस्तो, आसं शेवटपत्तुर म्हनायचे." मग घरातल्या बायकांना सांगितलं, "ह्याच त्या बाई."

कासमभाईंच्या म्हाताऱ्या बहिणीने उठून मला आपली जागा दिली. मी बसले.