जांभळावरची चंपा

अक्का गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तिच्याच कामासाठी तिच्याच जुन्या संस्थेच्या व्हरांड्यात बसलो होतो. साहेब जेवायला गेले होते. ते आले की अर्जावर सही होणार, सही झाली की तळघराची किल्ली मिळणार, किल्ली मिळाली की अक्काचा नमुना सापडणार... असं सगळं मी सकाळी हॉस्पिटलमध्ये तिला सांगून निघालो होतो. डोळे न उघडताच तिने विचारलं होतं, "आज नक्की?" आणि मी नक्की म्हणालो होतो. दुपारी माझ्या बायकोचा, सुषमाचा फोन आला. "अक्का गेल्या. तुम्ही निघा." मी उठलो तसा शिपाई म्हणाला, साहब बस आते ही होंगे, दो मिनट और बैठ जाइए. त्या बिचाऱ्याचा मला राग आला नाही. राग नेमका कुणाचा आला, हे शोधण्यातच मधले आठवडे गेले आहेत.

डॉ. मंदाकिनी खांबेटे हे नाव वाचकांच्या ओळखीचं असण्याचं कारण नाही. ती माझी थोरली बहीण. बुरशीशास्त्रज्ञ होती; त्यातही बुरशी ओळखायची, तिला नाव द्यायचं आणि ती कुठल्या कुळातली हे ठरवायचं, हे तिचं काम. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे आम्ही वाढलो दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये, आणि शाळा पहाडगंजची मराठी. शाळेत बाई भूछत्र म्हणायच्या, घरी आई अळंबी म्हणायची आणि खाली मैदानातली मुलं कुकुरमुत्ता म्हणायची. हे शेवटचं नाव अक्काला सहन होत नसे. कुत्र्याचा इथे संबंध काय, असं ती मुलांशी हिंदीत भांडायची आणि घरी येऊन तेच भांडण मराठीत पुढे चालू ठेवायची. लोणच्याला बुरशी आली म्हणून आईने बरणी बाहेर ठेवली की ही ती उचलून आणायची आणि भिंग लावून बसायची. मुलगी नासकं घरात आणते, अशी आईची कायमची तक्रार होती. वडिलांनी मात्र पुढे तिला वनस्पतिशास्त्र घेऊ दिलं, डॉक्टरेट करू दिली, आणि दिल्लीतल्याच एका संशोधन संस्थेत ती लागली तेव्हा ऑफिसात पेढे वाटले. कशावर संशोधन करते हे त्यांनी कुणाला सांगितलं नसावं.

झाडांच्या खोडावर शेल्फसारखी जी कठीण बुरशी वाढते, ती अक्काचा विषय होती. आमच्या जवळच्याच एका सरकारी वसाहतीत जुनी जांभळाची झाडं होती. त्यांतल्या एकाच्या बुंध्याशी तिला एक लहानसा तपकिरी तुकडा दिसला. वरून अगदी साधा, पण खालची बारीक छिद्रं आणि आतला पोत पुस्तकातल्या कशाशीच जुळेना. पुढची काही वर्षं ती त्या एका तुकड्यामागे होती. परदेशातल्या संग्रहांतून नमुने मागवायचे, ते महिनोन् महिने अडकायचे, कधी कस्टममध्ये, कधी संस्थेच्याच टपालखात्यात. ही नवीच जात आहे याची खात्री पटल्यावर विभागप्रमुखांनी लेखावर स्वतःचं नाव आधी टाकायला सांगितलं. तिने नकार दिला. त्यानंतर तिच्या बढतीचं काय झालं असेल, ते सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. लेख मात्र तिच्या एकटीच्या नावावर छापून आला.

आणि नाव दिलं चंपा. शास्त्रीय नावाच्या लॅटिन रूपात, अर्थात, चंपाए. आमची आई लग्नाआधी चंपा होती. सासरी आल्यावर तांदळात अंगठीने लिहून तिची सरोजिनी झाली, आणि माहेरची माणसं एकेक करून गेल्यावर चंपा म्हणणारं कुणी उरलं नाही. अक्काने तो छापील लेख तिच्यापुढे ठेवला, बोट ठेवून नाव दाखवलं. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बुरशीच मिळाली होय गं तुला?" पण तो अंक तिने स्वतःच्या कपाटात साड्यांखाली ठेवला आणि पुन्हा अक्काला परत दिला नाही. यावरूनही पुढे अक्काला त्रासच झाला. चाफ्याच्या झाडावर न वाढणाऱ्या बुरशीला चाफ्याचं नाव कसं, असं एका विद्वानाने जाहीरपणे लिहिलं. तिने खुलासा छापायला पाठवला. तो छापला गेला नाही.

खरा घाव निवृत्तीनंतर बसला. बाहेरच्या एका गटाने साऱ्या खोडावरच्या बुरश्यांचं वर्गीकरण नव्याने केलं आणि चंपा ही वेगळी जात नसून फार पूर्वी दुसऱ्या कुणी नाव दिलेलीच एक जात आहे, असं एका ओळीत लिहून टाकलं. एका ओळीत. जुनं नाव टिकतं, नवं पुसलं जातं, असा त्या शास्त्राचा नियम आहे आणि अक्काला तो मान्यही होता. तिने स्वतः कितीतरी लोकांची नावं अशी पुसली होती. तिची चीड वेगळीच होती. कुठल्याही जातीचं नाव एका ठरावीक वाळवलेल्या नमुन्याला बांधलेलं असतं. वाद झाला तर तो नमुना काढून बघायचा. चंपाचा नमुना अक्काच्या संस्थेत होता, आणि या मंडळींनी तो मागवलाच नव्हता. किंवा मागवला असेल आणि संस्थेने उत्तर दिलं नसेल... हे दुसरं मला जास्त शक्य वाटतं. कारण तोवर इमारतीच्या दुरुस्तीसाठी सगळा संग्रह खोक्यांत भरून तळघरात गेला होता आणि दुरुस्ती संपल्यावरही वर आला नव्हता.

अक्का तिथे चकरा मारायला लागली. मेट्रो बदलत, गुडघे सांभाळत. नमुन्यांना कीड लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या तरी टाकू द्या, मी घेऊन आले आहे, असं सांगायची. मॅडम, आप तो रिटायर हो चुकी हैं, बाहर के आदमी को अलाऊ नहीं है, असं उत्तर मिळायचं. ज्या संग्रहातले निम्मे नमुने तिने स्वतः वाळवून, पाकिटात घालून लावले होते, तिथे ती बाहेरची माणूस. मी तिला म्हणायचो, वरच्या साहेबांना भेट, मी कुणाकडून तरी फोन करवतो. ते तिला चालत नसे. अर्ज रीतसर आहे, तर काम रीतसर व्हायला हवं, हा तिचा हट्ट. तिच्या या हट्टाचाही मला वैताग यायचा, आणि तो मी लपवत नसे.

हिवाळ्यात ती आजारी पडली आणि चकरा माझ्याकडे आल्या. मग मला कळलं की बहिणीचा भाऊ या नात्याला कुठल्याच नियमात तरतूद नाही. अधिकारपत्र आणा. आणलं. यावर शिक्का नाही. शिक्का मारून आणला. आता समिती बसेल. एका संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये मी चिडून म्हणालो, "अक्का, असेल त्यांचं बरोबर. असेल ती जुनीच जात. सोड ना आता." तिचे डोळे मिटलेलेच होते. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "विन्या, मला चूक म्हणू देत. पण बघून म्हणू देत." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा त्या व्हरांड्यात जाऊन बसायला लागलो.

ती गेल्यावर संस्थेने शोकसभा ठेवली. आम्हाला गाडी पाठवली, पुढच्या रांगेत बसवलं. फोटोला मोठा हार होता. संचालक चांगलं बोलले. मॅडमचं योगदान अमर आहे, संस्थेला त्यांचा अभिमान आहे, वगैरे. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी घरून लिहून नेलेलं तसंच खिशात ठेवलं आणि हिंदीत म्हणालो, "उनका एक नमूना आपके तहखाने में है. श्रद्धांजलि बाद में दीजिए, पहले ताला खोलिए." सुषमाने माझा सदरा मागून ओढला. पण संचालक माणूस म्हणून बरे असावेत. त्यांनी तिथेच कुणाला तरी खूण केली. इतके महिने जी किल्ली समितीशिवाय मिळत नव्हती, ती चहा संपायच्या आत आली. त्यांच्याच ऑफिसातल्या ड्रॉवरमध्ये होती म्हणे.

खाली माझ्याबरोबर फरहाना आली. ती अक्काची शेवटची विद्यार्थिनी, आता एका विद्यापीठात शिकवते. मूळची सोलापूरची, वडील केंद्र सरकारात, आर. के. पुरममध्ये वाढलेली, अक्काशी मराठीत बोलायची आणि अडली की हिंदीत घुसायची. तळघरात ओल होती. भिंतीला टेकलेली खोकी खालून मऊ पडली होती. फरहानाने तोंडाला ओढणी बांधली आणि खोकी उघडत गेली. पाकीट सापडलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. वर अक्काचं बारीक, सरळ अक्षर: नाव, जागा, जांभूळ. तिने ते कागदावर अलगद उघडलं. आत तपकिरी भुकटी होती आणि त्यात किड्यांची पोकळ टरफलं. तुकडा असा नव्हताच. फरहाना तिथेच जमिनीवर बसली. "काका, मॅडमनी डांबरगोळ्यांचं किती वेळा सांगितलं होतं," असं म्हणाली आणि रडायला लागली. बाजूला उभे असलेले अधिकारी म्हणाले, व्हेरी अनफॉर्च्युनेट. त्यांनी फोटो काढून घेतला, रेकॉर्डसाठी.

फरहानाने तरीही सोडलं नाही. भुकटीतली चिमूटभर रीतसर परवानगीने नेली; त्यातून जनुकीय माहिती मिळते का हे ती बघणार होती. शिवाय मूळ नमुना नष्ट झाला तर त्याच जागेवरचा नवा नमुना त्याच्या जागी ठेवता येतो, असाही नियम आहे, असं तिने सांगितलं. म्हणून एका रविवारी आम्ही त्या वसाहतीत गेलो. वसाहत कुठली... क्वार्टर पाडून तिथे उंच इमारती उभ्या आहेत. गेटवर आधी आत सोडेनात. फरहानाने गार्डला अर्धा तास बुरशी म्हणजे काय ते समजावलं, तेव्हा तो स्वतःच आमच्याबरोबर फिरला. रांगेत लावलेले पाम होते, हिरवळ होती. जांभूळ एकही नव्हतं. गार्ड म्हणाला, मैडम, बाद में आइए, नए पेड़ लगने वाले हैं. फरहानाने त्याला, नवीन झाडावर ही बुरशी यायची तर तुझी नातवंडं यावी लागतील, असं सांगितलं आणि आम्ही परत फिरलो.

परवा सकाळी तिचा फोन आला. भुकटीतून किड्यांची आणि तळघरातल्या साध्या बुरशीची माहिती निघाली होती. चंपाची काहीच नाही. वेगळी होती की नव्हती, हे आता निदान या नमुन्यावरून कुणालाच सांगता येणार नाही. म्हणजे ती एक ओळ तशीच राहणार. अक्का चूक होती असं नाही, बरोबर होती असंही नाही. इतर जांभळं बघत राहू, दिल्लीत काही कमी नाहीत, असं फरहाना म्हणाली. ती बघेल. मी तिच्याबरोबर जाईनही. पण अक्काला "बघून" म्हणायचं होतं ते तिच्या तुकड्याकडे बघून, आणि तो आम्ही सगळ्यांनी मिळून किड्यांना खाऊ दिला.

फोन ठेवल्यावर मी द्वारकेला अक्काच्या फ्लॅटवर गेलो. भाडेकरू बघायचा आहे, सामान हलवायचं आहे, असं सुषमाला सांगून निघालो खरा, पण हलवलं काहीच नाही. तिच्या कामाच्या खोलीत जाऊन बसलो. बाहेर मेचे उष्ण वारे, लू, सुरू आहेत, खोली भट्टीसारखी तापली होती. या खोलीत अक्का कधी पंखा लावू द्यायची नाही. बुरशीचा तुकडा पांढऱ्या कागदावर पालथा ठेवून ती त्याचे बीजकण खाली पडू द्यायची. ते इतके हलके असतात की वाऱ्याच्या झुळुकीने उडून जातात, आणि मग कागदावर उमटणारा ठसा बिघडतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्यांनाही इथे घामाने निथळत बसावं लागायचं. वडील बसायचे, आई पदराने वारा घेत बसायची, मी तर चहा न घेताच पळायचो. टेबल आता रिकामं आहे. कागद नाही, तुकडा नाही, उडून जाण्यासारखं काहीच नाही. मी उठून बटणापाशी गेलो, त्यावर बोटही ठेवलं... आणि तसाच परत येऊन खुर्चीत बसलो.